बुडीत खात्यातले यंत्र



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी आम्ही कळवू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळविले ते असे : अमेरिकेत १९७६ साली बाजारात आलेले आणि थोड्याच वर्षांत बुडालेले एक खेळाचे यंत्र, आणि त्यातले खेळ जिवंत ठेवण्याची आजची खटपट. चिटणिसांचा लगेच फोन आला. दुसऱ्या कोणा वक्त्याचा विषय चुकून आमच्या नावावर पडला नाही ना, असे त्यांनी मोठ्या सभ्यपणे विचारले. विषय आमचाच आहे. तो आमचा कसा झाला, हे आधी सांगितले पाहिजे.

आम्ही नववीतून शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो, ते कामगार वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. त्या कचेरीत एक जुना संगणक आहे. एका सभासदाचा मुलगा संध्याकाळी येऊन त्यावर अर्ज टंकून देतो. एके दिवशी अर्ज संपल्यावर तो काही खेळत बसला होता. पडद्यावर चार-सहा चौकोनी ठिपके आणि एक इकडून तिकडे उडणारा तुकडा, एवढेच दिसत होते. आम्ही विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "काका, हॉकी आहे. १९७६ सालची." आम्ही म्हटले, "मग यंत्र कुठे आहे?" तो हसून म्हणाला, "यंत्र नाही. यंत्राचे सोंग आहे." त्या एका वाक्यापायी आम्ही पुढचे काही महिने रात्री जागून काढले.

या यंत्राचे नाव चॅनल एफ. फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंट या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर १९७६ मध्ये ते विक्रीस आणले. तेव्हा त्याचे नाव व्हिडिओ एंटरटेनमेंट सिस्टिम असे लांबलचक होते, आणि किंमत १६९ डॉलर ९५ सेंट होती. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र ही कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ओडिसी हे यंत्र १९७२ मध्येच आले होते. परंतु तोवरच्या घरगुती यंत्रांत कारखान्यात जे खेळ तारांनी बांधून दिले असतील, तेवढेच खेळता येत. चॅनल एफमध्ये प्रथमच मायक्रोप्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, बसविला गेला. आणि खेळ हा निराळ्या पिवळ्या डबीत, लिहून ठेवलेल्या हुकुमांच्या रूपाने विकला गेला. डबी बदलली की खेळ बदलला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडची पोरे अशा डबीला 'कॅसेट' म्हणत. आपणही तोच शब्द वापरू. पुढे जगभर ज्या कोट्यवधी कॅसेटी खपल्या, त्या सगळ्यांची ही थोरली बहीण.

हे यंत्र कोणी केले? आमच्या धंद्याची सवय अशी, की 'कंपनीने केले' या वाक्यावर आमचे समाधान होत नाही. मूळ नमुना अल्पेक्स या लहानशा कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांनी तयार केला होता. तो हाती घेऊन त्याचे विकाऊ यंत्र करण्याचे काम फेअरचाइल्डमध्ये जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली झाले. लहान मुलाने कॅसेट हजार वेळा घातली आणि काढली, तरी आतले जोड टिकले पाहिजेत, ही अडचण रॉन स्मिथ या यांत्रिकी कारागिराने सोडविली. बाहेरचे रूप निक टेल्सफोर यांनी दिले.

यांतल्या लॉसन यांचे चरित्र वाचताना आम्ही पुस्तक मिटवून काही वेळ तसेच बसलो. त्यांचा जन्म १९४० सालचा, न्यूयॉर्क शहरातला. वडील गोदी कामगार, पण विज्ञानाचे वेडे. मुलाने शाळकरी वयात घरी हौशी रेडिओ केंद्र उभारले. टीव्ही दुरुस्त करून चार पैसे मिळविले. कॉलेजात नाव घातले, पदवी मात्र पुरी केली नाही. कृष्णवर्णीय इंजिनिअर त्या काळी त्या धंद्यात शोधून सापडत नसे. १९७० मध्ये ते फेअरचाइल्डमध्ये लागले, आणि नोकरी सांभाळून घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःच्या हौसेने एक खेळाचे यंत्र बांधले. ते कळल्यावर कंपनीने हे काम त्यांच्याकडे दिले. मार्च २०११ मध्ये व्हिडिओ खेळ रचणाऱ्यांच्या संघटनेने त्यांचा जाहीर सत्कार केला. ९ एप्रिल २०११ रोजी ते वारले. पस्तीस वर्षांच्या कामाची पोच त्यांना मरणाआधी एक महिना मिळाली. आमच्या चळवळीत वावरलेल्या माणसाला हा हिशेब परका वाटणार नाही.

आता हे यंत्र बुडाले कसे? १९७७ मध्ये अटारी कंपनीने आपले यंत्र बाजारात आणले. त्याचे खेळ अधिक वेगवान होते, अधिक ओळखीचे होते. कालांतराने ते सुमारे ३ कोटी घरांत गेले. फेअरचाइल्डने नाव बदलून चॅनल एफ केले, पण पारडे फिरले नाही. १९७९ मध्ये त्यांनी हा सगळा धंदा झिरकॉन नावाच्या कंपनीस विकून टाकला. १ ते २६ क्रमांकांच्या कॅसेटी निघाल्या आणि प्रकरण आटोपले. त्याच वर्षी खुद्द फेअरचाइल्ड श्लुम्बर्जरच्या मालकीची झाली, आणि पुढे तिचे मालक आणखी बदलत गेले. हिशेबनीस अशा व्यवहाराची नोंद एका ओळीत करतो : बुडीत खाते.

बंधुहो, आमचे आजचे म्हणणे या एका ओळीविषयी आहे. कंपनीचे भांडवल बुडाले, हे खरे. पण ज्यांनी त्या २६ कॅसेटींतले हुकूम एकेक करून लिहिले, त्यांचे काम बुडाले काय? विणलेले कापड दुकानात खपले नाही, म्हणून विणकराने विणलेच नव्हते असे कोणी म्हणेल काय? माल आणि काम यांतला हा भेद बाजाराला ठेवता येत नाही. तो आपल्याला ठेवावा लागतो, आणि तो ठेवायचा तर काम पाहता आले पाहिजे.

येथे एक विशेष अडचण येते. जुने भांडे काचेच्या कपाटात ठेवले, तरी ते भांडेच असते. घडविणाऱ्याचा हात त्यावर दिसतो. पिवळी कॅसेट कपाटात ठेवली, तर दिसते ती नुसती पिवळी डबी. खेळ हा चालला तरच असतो. आणि चालविणार कशावर? ही यंत्रे आता पन्नाशीला आली. आतल्या चिपा तापतात आणि एकेक करून मरतात. त्या जातीची चिप आज कोणी बनवीत नाही. तेव्हा मूळ यंत्राच्या भरवशावर राहिले, तर कॅसेट शाबूत असूनही खेळ मेला, असा दिवस येणार.

यावर शोधलेला उपाय म्हणजे एम्युलेटर. आम्ही त्याला बहुरूपी म्हणतो. पूर्वी गावात बहुरूपी येई. फौजदाराचा पोशाख करून दारात उभा राहिला, की घरातले माणूस क्षणभर दचके. कारण चाल, आवाज, दरडावणी, सगळे हुबेहूब असे. आजचा संगणक तसेच करतो. कॅसेटीतला खेळ यंत्राला विचारतो, "मूठ कोणीकडे वळली?" हा बहुरूपी, मूळ यंत्राने दिले असते तेच उत्तर देतो, आणि तितक्याच वेळात देतो. मूळ यंत्राच्या मेंदूचे सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडत. बहुरूप्याला तो ठेका चुकवून चालत नाही. चुकला तर चेंडू भलत्या जागी जातो. पडद्यावर १२८ आडवे आणि ६४ उभे अशा ठिपक्यांची जाळी; तिच्यातला प्रत्येक ठिपका मूळ यंत्र जसा रंगवी, तसाच याने रंगवायचा. खेळाला शेवटपर्यंत कळत नाही, की आपण परक्या घरी आहोत.

परंतु बहुरूप्याच्या आधी दुसरे एक काम असते, आणि आम्हांला ते अधिक मोलाचे वाटते. कॅसेटीतले हुकूम बाहेर वाचून घ्यावे लागतात. साधारण स्मृतीच्या चिपेला पत्त्याच्या तारा असतात. अमुक क्रमांकाचे घर उघड म्हटले, की ती उघडते. फेअरचाइल्डच्या एफ-८ या कुटुंबातल्या चिपांना या ताराच नाहीत. आपण कोणत्या घरापाशी आहोत, याची नोंद प्रत्येक चिप स्वतःपाशी ठेवते. मुख्य चिप पाच तारांवरून फक्त इशारे देते : पुढे चला, उडी घ्या, मागे या. आम्ही हे वाचले, तेव्हा आम्हांला कारखान्याचे खाते आठवले. तेथे मुकादम प्रत्येकाच्या पाठीशी उभा राहत नाही. भोंगा झाला की ज्याला त्याला आपले काम ठाऊक असते. अशा चिपेला बाहेरच्या वाचकयंत्रात घालून काही उपयोग नाही. तिच्याशी तिच्याच इशाऱ्यांच्या भाषेत बोलावे लागते, तेव्हा ती एकेक अक्षर सोडते. ज्यांनी हे केले, त्यांतले बहुतेक हौशी लोक होते. पगार नाही, ओव्हरटाइम नाही. रात्री जेवणे झाल्यावर बसून त्यांनी हे केले.

आणि हाती काय येते? सुरुवातीच्या बऱ्याच कॅसेटींत २ किलोबाइट, म्हणजे सुमारे दोन हजार अक्षरे. एका छापील पानाएवढा मजकूर! तेवढ्या पानात हुकूम, चित्रे, गुण मोजण्याची रीत आणि चुकले तर काय करावयाचे, हे सगळे बसविलेले. काटकसर काय असते, ती या माणसांनी दाखविली.

जुन्या यंत्रांसाठी मिळून-मिसळून काम करणाऱ्या मंडळींत 'मेम' हा प्रकल्प सर्वांत मोठा. निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने तो १९९७ मध्ये सुरू केला. घरगुती यंत्रांसाठी १९९८ मध्ये निघालेला 'मेस' हा जोडप्रकल्प २०१५ मध्ये त्यातच विलीन झाला. चॅनल एफचा बहुरूपी तेथे आहे. या प्रकल्पाचे म्हणणे असे, की जुनी यंत्रे आतून कशी चालत याची अचूक नोंद करणे हा आमचा मुख्य उद्देश. खेळता येते, हा त्याचा जोडलाभ. २०१६ पासून त्याची सारी लिखापढी कोणालाही वाचावयास, सुधारावयास मोकळी आहे. ही नोंद म्हणजे त्या यंत्राचा हजेरीपट होय, असे आम्ही मानतो.

हजेरीपटाचे मोल आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद पडला. देणी वसूल करण्यासाठी आम्ही उभे राहिलो, तेव्हा जुन्या मस्टरांची मागणी केली. उत्तर आले, की मस्टर वाळवीने खाल्ले. आमच्या एका सोबत्याची एकोणीस वर्षांची नोकरी. आम्हांला अकराच वर्षे सिद्ध करता आली. उरलेली आठ वर्षे तो कोठे होता? कारखान्यातच होता, आम्ही त्याच्या शेजारी उभे राहून काम केले होते. पण कागदावर ती आठ वर्षे नाहीत. तो गृहस्थ पुढे वारला. ती आठ वर्षे आम्हांला अजून टोचतात.

म्हणून व्हिडिओ व्हिझबॉल या खेळाची हकीकत वाचली, तेव्हा आम्ही उठून उभे राहिलो. १९७८ सालची ही विसाव्या क्रमांकाची कॅसेट. त्या काळी खेळाच्या डबीवर कंपनीचे नाव असे, रचणाऱ्याचे नसे. ब्रॅड रीड-सेल्थ या रचनाकाराने खेळाच्या पोटात आपले आडनाव लपवून ठेवले. ठरावीक कृती नेमक्या क्रमाने केल्या, की ते पडद्यावर उमटते. अटारीच्या वॉरन रॉबिनेट यांनी ॲडव्हेंचर या खेळात असेच नाव लपविले, ती गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. व्हिझबॉल त्याच्या आधीचा. अटारीतल्याच चौघांनी, डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅप्लन आणि बॉब व्हाइटहेड यांनी, कामाचे श्रेय व मोबदल्यात वाटा मागितला. तो मिळेना, तेव्हा १९७९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली आणि खेळाबरोबर रचणाऱ्याचे नाव छापावयास सुरुवात केली. ज्याच्यात मागण्याचे बळ होते, त्याने मागितले. ज्याच्यात नव्हते, त्याने लपविले. दोघांचीही मागणी एकच होती.

आता विचार करा. पिवळी डबी कपाटात ठेवून, तिचे छायाचित्र काढून, रीड-सेल्थ हे नाव कधी दिसले असते काय? ते खेळ चालल्यावरच दिसते. काम चालू राहिले, तरच कामगाराची सही वाचता येते.

परंतु सगळ्यांनाच सही करता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. याच फेअरचाइल्डचा एक कारखाना न्यू मेक्सिकोत शिपरॉक येथे, नवाहो लोकांच्या मुलखात होता. तेथे हजारावर नवाहो कामगार, त्यांतही बहुतेक स्त्रिया, चिपा जोडण्याचे बारीक काम करीत. कंपनीने १९६९ च्या एका पुस्तिकेत चिपेच्या नक्षीची तुलना नवाहो गालिच्याच्या नक्षीशी केली. जणू ते काम म्हणजे त्यांच्या हाताचा उपजत छंदच! फेब्रुवारी १९७५ मध्ये सुमारे १४० जणांची कपात झाली. अमेरिकन इंडियन चळवळीच्या लोकांनी आठवडाभर कारखाना ताब्यात घेतला, आणि त्यानंतर कंपनीने तो बंदच करून टाकला. चॅनल एफ आले ते पुढच्या वर्षी. तेव्हा या यंत्राच्या चिपा त्याच बायांनी जोडल्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या धंद्यातून हे यंत्र जन्मले, तो अशाच हातांवर उभा होता. त्यांची नावे कोणत्याही कॅसेटीत लपलेली नाहीत. बहुरूपी कितीही हुशार असला, तरी त्याला ती सापडणार नाहीत. ती शोधण्याचे काम निराळे आहे आणि ते माणसांनाच करावे लागेल.

या सगळ्यावर तीन आक्षेप येतात. आमच्या कार्यकारिणीतही ते आले.

पहिला असा, की हे पोरखेळ. पोटाचे प्रश्न सोडून यात कोठे शिरता? खरे आहे, पोट आधी. पण आठ तासांच्या मागणीत आठ तास विसाव्याचे आणि मनोरंजनाचेही होते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी ते लढून मिळविले. खेळ हा त्या तासांतला ऐवज आहे, आणि तो बनविणाराही कोणाचा तरी कामगारच असतो.

दुसरा आक्षेप असा, की सोंग ते सोंग. मूळ वस्तूची सर त्याला येणार नाही. हेही खरे. चॅनल एफची मूठ विलक्षण होती : ती ढकलता येई, पिळता येई, वर ओढता येई, खाली दाबता येई. कळफलकावर बोटे आपटून ती गंमत येत नाही. म्हणून मूळ यंत्रे जपावीच. पण मूळ यंत्र मूठभर लोकांच्या कपाटात आहे आणि बहुरूपी आमच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावरही येतो. ज्यांना कपाट नाही, त्यांनी काय पाहावे?

तिसरा आक्षेप वजनदार आहे : ही चोरी नव्हे काय? बहुरूपी बनविणे ही चोरी नव्हे, अशा अर्थाचा निकाल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात दिला आहे. कॅसेटीतल्या मजकुराची प्रत वाटणे ही मात्र वेगळी बाब. त्यावर मालकाचा हक्क असतो. अमेरिकन कायद्याने कंपनीसाठी केलेल्या अशा कामावर तो हक्क ९५ वर्षे चालतो. म्हणजे १९७८ चा खेळ २०७३ संपेपर्यंत कुलपात. चिपा तोवर टिकतील असा भरवसा कोणी देत नाही. पेटी कुजून जाईल आणि कुलूप शाबूत राहील! व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत असे आढळले, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विकत मिळतच नाहीत. मालक विकीत नाही, दुसऱ्याला जपूही देत नाही. बंद गिरणीला टाळे लावून जमिनीचा भाव चढण्याची वाट पाहणारा मालक मुंबईकरांनी पाहिला आहे. ही त्याच घराण्यातली रीत.

उलट उदाहरणही आहे. १९८२ साली निघालेले व्हेक्ट्रेक्स हे यंत्रही असेच दोन वर्षांत बुडाले. पण त्याच्या हक्कदारांनी पुढे जाहीर केले, की धंदा न करता कोणीही याच्या प्रती खुशाल घ्याव्यात. कोणाचे काही बुडाले नाही, आणि खेळ वाचले.

आमची मागणी त्यामुळे मोठी नाही. आपल्या देशात १९५४ चा कायदा आहे. छापलेल्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावीच लागते. पुस्तक खपो वा न खपो. खपले नाही म्हणून त्याची प्रत नको, असे तो कायदा म्हणत नाही. संगणकाच्या कामालाही, मग तो खेळ असो वा कचेरीची आज्ञावली, हाच न्याय लावावा; आणि प्रत देताना ते काम कोणी केले, त्यांची नावे सोबत द्यावीत. जे बाजारातून उठले आहे, ते जपणाऱ्याला ग्रंथालयाने आसरा द्यावा. एवढेच.

आमच्या कचेरीतल्या त्या मुलाने परवा रीड-सेल्थ हे नाव पडद्यावर काढून दाखविले. दोन-तीनदा फसला, मग जमले. ओबडधोबड अक्षरे होती. आम्ही चष्मा पुसून ती वाचली. मुलगा म्हणाला, "काका, पुसू का आता?" आम्ही म्हटले, "थांब जरा."